अप्पांच्या कपाळावरची विभूती

बैलगाडीत गादी पडली, सासऱ्यांना, चन्नप्पा अप्पांना, उचलून तिच्यावर निजवलं, आणि धाकट्या सुनेनं, उमादेवीनं, कुणी न सांगताच गाडीत पाय ठेवला, तेव्हा थोरल्या महानंदाच्या काळजात असं काही पेटलं की तिनं पुढं होऊन गाडीचं चाकच धरलं.

"उतर खाली," ती म्हणाली. "ह्या खेपेला मी जाणार."

झरीहून परभणीच्या सरकारी दवाखान्यात अप्पांची ही कितवी खेप, ते आता कुणी मोजत नव्हतं. दम्यानं छाती भरायची, गाडी जुंपायची. तिथं माणूस उठून बसायचा, हसतखेळत घरी यायचा, आणि थोडे दिवस जातात न जातात तोच पुन्हा ती जीवघेणी घरघर... दर वेळी सोबत उमाच. का, तर ती परभणीत वाढलेली, हैदराबादेहून आलेल्या डाक्टरची उर्दू तिला कळते. इकडं अप्पांची थुंकी काढली, छाती शेकली, मऊ भात भरवला तो महानंदानं, आणि गावात नाव धाकटीचं! वर बायका कुजबुजायच्या, "थोरलीच्या हाताला यश न्हाई." त्या बोलानं महानंदा आतून पोळून निघे. उमा हसली तरी राग, गप्प बसली तरी राग. मत्सराला का कुठं शेंडाबुडखा असतो?

एकच गोष्ट उमापाशी नव्हती. सासूनं, सिद्धम्मानं, प्राण सोडताना विभूतीची भट्टी महानंदाच्या पदरात टाकली होती. "ह्यांच्या कपाळावर तुझ्याच हातची विभूती असू दे." म्हणून अप्पा दवाखान्यातून सुखरूप परतले की महादेवाचे उपकार मानून ती ताजी विभूती करायला घ्यायची. वाळल्या शेणाचे गोळे भुश्शात पुरून, अप्पांना दिसावं म्हणून त्यांच्या खाटेशेजारच्या पडवीतच भट्टी लावायची. गोळे दिवसरात्र धुमसत राहत. मग ती राख तिथंच बसून कपड्यातून गाळायची. एकदा उमा म्हणाली होती, "अक्का, भट्टी गोठ्याकडं नेऊ का?" त्यावर महानंदानं तिच्याशी कित्येक दिवस अबोला धरला.

आजही तिनं ताज्या विभूतीची पुरचुंडी अप्पांच्या उशाशी ठेवली होती. उमानं ती हळूच उचलून परत तिच्या हातात दिली.

"अक्का, ही नको."

"माझ्या हातची विभूतीबी बघवना का तुला? अप्पांना माझ्यापासून तोडलंस, आता सासूबाईंची आणबी तोडायलीस?"

उमाच्या डोळ्यांतून टपटप आसवं गळू लागली.

"तिला... नको बोलू," गाडीतून अप्पांचा तुटका आवाज आला. "मीच तिला लिंगाची शपथ घातली हाय."

"कसली शपथ, अप्पा?"

"डाक्टर पयल्याच खेपेला म्हनाला... घरातला धुआँ बंद करा, राख बंद करा. पण तू भट्टीपाशी बसलीस की मला सिद्धम्माच दिसायची. तुला कसं सांगावं, पोरी... की तुझ्या भक्तीनंच माझा दम कोंडायलाय?"

महानंदानं चाक सोडलं. अप्पा घरी आले की भट्टी, आणि भट्टी लागली की घरघर... सारं डोळ्यांसमोर होतं, आणि तिला दिसला तो फक्त धाकटीचा तोरा!

"एवढं बोलले मी तुला," ती उमाला म्हणाली. "एका शब्दानं उत्तर दिलं न्हाईस?"

"काय देणार, अक्का? शपथ होती. अन् भट्टीबिगर तुमच्यापाशी दुसरं काय होतं?"

महानंदा वळली. पडवीत जाऊन तिनं भरली घागर धुमसत्या भट्टीवर उपडी केली. चर्र झालं, आणि सिद्धम्मानं दिलेला तो विस्तव विझला. ओली राख बोटांवर घेऊन ती बाहेर आली. आधी अप्पांच्या कपाळावर तिनं तीन बोटं ओढली. ओल्या राखेचा एक कणही उडाला नाही. मग तोच हात उमाच्या कपाळाकडं नेला.

"जा तू. तिथली बोली तुला येती," ती म्हणाली. "मी घर धुऊन काढते. आता त्यास्नी परत दवाखान्याला न्यायची पाळी यायची न्हाई."

गाडी परभणीच्या वाटेला लागली. अप्पांचं डोकं उमाच्या मांडीवर होतं. ते पाहून महानंदाला तो जुनाच मत्सर पुन्हा डसला. तिनं पदर खोचला आणि खराटा घेऊन पडवीत गेली.