डावीकडचा कटर

बाळांनो, क्षणभर समजा, तुम्ही शर्यतीच्या गाडीत बसला आहात. रस्ता नाहीच, मुरूम, दगड आणि मधूनच नाला. दोन्ही खांद्यांवरून आणि कमरेवरून जाड पट्टे आवळलेले. आता समजा गाडी उलटली आणि पट्ट्याचं बक्कल अडकलं. पट्टा कापायचा कटर गाडीत आहे. तो तुमच्या हाताला लागेल का?

हा प्रश्न गाडी उलटायच्या आधी विचारायचा असतो. आम्ही तो विचारला होता. पण अर्धाच.

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत किशोरचं वर्कशॉप आहे. आयटीआयमध्ये तो माझ्या हाताखाली शिकला. त्याची बहीण चंदा जीप अशी चालवते की बघणाऱ्याने बाजूच्या खांबाला धरावं. दिवाळीनंतर पातूरच्या डोंगराकडे शर्यत होती आणि ती त्यात उतरणार होती. तिची मुलगी खुशी सुट्टीभर वर्कशॉपमध्येच असायची. घरी त्या दोघीच. त्यामुळे खुशीचा प्रश्न रोज तोच, "आबाजी, गाडी उलटली तं आई बाहेर निघन ना?"

मी सांगायचो, निघेल अशीच गाडी करू.

गाडीभोवतीचा पोलादी पाइपांचा पिंजरा आम्हीच वाकवला, आम्हीच वेल्ड केला. आग विझवायचं नळकांडं सीटमागे बसवलं. पिंजऱ्याच्या पाइपाला भोक पाडायचं नसतं, पाइप कमजोर होतो. म्हणून प्रत्येक वस्तू रबर लावलेल्या क्लॅम्पने आवळायची. आणि कटरची जागा डोळ्यांनी ठरवायची नसते. चंदाला पट्टे आवळून बसवलं, डोळे मिटायला सांगितलं. तिचा उजवा हात सहज जिथे पोचला, तिथे खुशीने खडूची खूण केली. पिंजऱ्याच्या उजव्या खांबावर. तिथेच कटरचा क्लॅम्प बसला.

डावीकडे आणखी एक सीट होती. या शर्यतीत शेजारी कोणी बसणार नव्हतं, पण सीट काढली तर गाडीचा तोल जातो. तिचे रिकामे पट्टे उडू नयेत म्हणून त्यांचं बक्कल लावून ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लॅम्प तिथे नव्हता. छताच्या मधल्या पाइपावर होता, डाव्या सीटकडे तोंड करून.

किशोर खुशीवर चिडला. कावून हात लावते, हे खेळणं आहे का, वगैरे. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी नाई केलं, मामा. माह्यानं तो नट हालत बी नाई." ते खरं होतं. मी स्वतः तो लॉकनट सोडवला तेव्हा माझं मनगट दुखलं.

क्लॅम्प पुन्हा उजवीकडे बसवला. नट आणि बोल्ट या दोन्हींवरून मी लाल रंगाची एक रेघ ओढली. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते. मग शटरला कुलूप लावून आम्ही सगळे कडुनिंबाखाली जेवायला बसलो. शटर समोरच होतं. जेवणात चंदाने केलेला झुणका होता आणि किशोर तिला चिडवत होता की शर्यतीत मागे पडलीस तर निदान खानावळ काढता येईल.

शटर उघडलं. क्लॅम्प छताच्या पाइपावर होता. लाल रेघ अखंड होती.

किशोरने रेघेवरून बोट फिरवलं. मग चंदाकडे न बघता म्हणाला की यंदा राहू दे. चंदाने हात पुसले आणि विचारलं की गाडीत दोष आहे का. नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग मी जातो."

मी क्लॅम्पखाली उभा राहून तो पाइप बघत होतो. वस्तू पुन्हा पुन्हा एकाच जागी जात असेल तर ती जागा तपासावी, एवढंच मला सुचलं. तेवढ्यात खुशी म्हणाली, "आबाजी, आपण आईचा हात सरळ बसून पायला. उलटं कुठं पायला?"

हाच तो उरलेला अर्धा प्रश्न. इतकी वर्षं शिकवून मला तो सुचला नव्हता.

कटर परत उजव्या खांबावर लावला. चंदाने हेल्मेट घातलं, पट्टे आवळले. चेनकुप्प्या, म्हणजे जड वजन उचलायच्या साखळीच्या कप्प्या, लावून आम्ही गाडी सावकाश उलटी केली. ती डोकं खाली करून लटकली. डोळे मिटून तिने उजवा हात पुढे केला, पण उलटं लटकल्यावर हात छताकडे ओढला जातो. खांबावरच्या क्लॅम्पपर्यंत तो पोचेना. ती चाचपडत राहिली. तिचा श्वास हेल्मेटमध्ये ऐकू येत होता.

"सापडला," ती म्हणाली.

तिच्या डाव्या हातात कटर होता. उजव्या खांबावरचा क्लॅम्प रिकामा होता.

"कुठून घेतला?" किशोरने विचारलं.

"मी नाई घेतला. कोणीतरी हातात देल्ला."

मी वाकून आत बघितलं. डाव्या सीटचे पट्टे. ते आम्ही ढिलेच लावले होते. उलट्या गाडीत ते नुसते लोंबायला हवे होते.

ते ताणलेले होते. चंदाच्या पट्ट्यांसारखेच.

आम्ही गाडी सरळ केली. पट्टे सैल पडले. किशोर बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आला. चंदा उतरून गाडीला टेकली. कटर छताच्या पाइपावर लावा, म्हणाली, डाव्या हाताला येईल असा.

खुशीने पेटीतून दुसरा कटर काढला होता.

"त्याले बी एक द्या ना," डाव्या सीटकडे बघत ती म्हणाली. "त्याच्यापाशी तं काहीच नाई. मंग आईचा जाग्यावर राहीन."

कोणी हसलं नाही. दुसऱ्या क्लॅम्पची जागा तिनेच दाखवली आणि मी पाना तिच्या हातात दिला. त्यानंतर शर्यतीपर्यंत एकही क्लॅम्प हलला नाही.

शर्यतीत, पातूरच्या पुढच्या एका नाल्यात चंदाची गाडी उलटली.

वरच्या कडेवरून आम्ही बघितलं आणि तिघंही धावलो. मुरूम घसरत होता. खुशी माझ्या पुढे होती आणि हाक मारत नव्हती, नुसती धावत होती. आम्ही पोचलो तेव्हा चंदा रांगत बाहेर येत होती. गुडघा फुटला होता. डाव्या हातात कटर घट्ट धरलेला. बक्कल जाम झालं होतं, म्हणाली.

मी गाडीत डोकावलो. तिचा पट्टा खांद्याजवळ कापलेला होता.

डाव्या सीटचाही.

सरळ, स्वच्छ काप. दुसरा क्लॅम्प रिकामा होता. तो कटर आम्हाला गाडीत सापडला नाही, नाल्यातही नाही. तिकडचा पट्टा तू कापलास का, असं मी चंदाला विचारलं. तिने नाही अशी मान हलवली.

जवळ एकच पळस होता, सावली जेमतेम. चंदा खाली बसली. खुशीने तिला पाणी पाजलं, ओढणीने तिचा गुडघा बांधला, गळ्यात पडून थोडा वेळ तशीच राहिली. मग तिने उलटलेल्या गाडीच्या डाव्या बाजूकडे बघितलं. आईला धरून ती सावलीत जराशी सरकली, एक माणूस मावेल एवढी जागा केली, आणि बाटली त्या जागेकडे धरली.

"ये," ती म्हणाली. "तिकडं ऊन हाय."