गुडघ्यांच्या दोन याद्या

कावेरीने पिशवीतून काचेच्या चार बाटल्या काढून दुकानाच्या फळीवर मांडल्या, आणि तेलवाला बसवेश ताडकन उठून उभा राहिला. त्याने खुर्ची पुसली, पंखा तिच्याकडे वळवला, स्पेशल चहा सांगितला. परळीच्या मोंढ्यात एवढी सरबराई कशासाठी, हे तिला कळेना.

"मॅडम, करडईचं तेल आमच्या घाण्यावरचं हाय. एक थेंब भेसळ न्हाई. काय बी तपासा."

"अहो, मी भेसळ पकडणारी नाही! औरंगाबादला विद्यापीठात संशोधन करते. तेल पोटात गेल्यावर काय करतं, ते बघते."

बसवेशचा जीव भांड्यात पडला. "मंग... चहा माघारी पाठवू का?"

"आता सांगितलाय तर पिते की, शेठ."

तो तिच्या गालाकडे बघतच राहिला. कावेरी लाजली... आणि मग त्याने हळूच सांगितलं, की गालाला थर्मल वीजकेंद्राची राख लागलीय. मेला!

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा तो हिवाळा. धर्मापुरीच्या आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, लेकीला उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. तोवर संशोधनातून काही निघालं तर पुढे शिकायचं. नाहीतर सोलापूरचं स्थळ तयारच होतं.

चहा पिता पिता तिने समजावलं. आपलं शरीर खाल्लेल्या तेला-तुपापासून काही पदार्थ बनवतं. त्यातला एक सहाच वर्षांपूर्वी सापडलाय. भूक, दुखणं, सूज, सगळ्यांत त्याची लुडबूड. भांग अंगात जिथे जाऊन बसते, तिथेच तोही बसतो.

"म्हंजी आमच्या तेलात भांग?" बसवेश दचकला. "मॅडम, जरा हळू बोला!"

"तेलात नाही हो, अंगात. करडईने तो एका बाजूला झुकतो, जवसाने दुसऱ्या, असा माझा अंदाज आहे. जवस खाऊन सूज उतरते का, ते बघायचंय."

गुडघे सुजलेल्या वीस बायका बसवेशनेच गोळा केल्या. पहिली त्याची आई, महादेवी. कावेरीने चिठ्ठ्या टाकून दोन याद्या केल्या. दहा जणींना जवसाची चटणी, दहा जणींना शेंगदाण्याची. डबे सारखे, आणि आत काय ते खाणारीला सांगायचं नाही. चटणी कुटून घरोघर पोचवायचं काम बसवेशकडे.

दर गुरुवारी ती टेप घेऊन गुडघे मोजायला यायची. तो मागे वही धरून चालायचा. आप्पांची मुदत आणि सोलापूरचं स्थळ, सगळं तिने त्याला वाटेतच सांगून टाकलं होतं.

"पंधरा इंच."

"लिवलं."

"वहीत बघून लिहा, शेठ. माझ्याकडे काय बघताय?"

"आकडा तुमच्या तोंडून येतो... मंग कुठं बघू?"

ती रागवायची, आणि बुधवारपासूनच कोणती साडी नेसावी याचा विचार करायची. प्रेम जडलं होतं, दुसरं काय!

तीन महिन्यांनी तिने हिशेब मांडला, पुन्हा एकदा ताडून पाहिला. दोन्ही याद्यांतली सूज सारखीच उतरली होती. म्हणजे जवसाचा काही गुण नाही. थंडी सरली तशी सूज ओसरली. संपलं सगळं. महादेवीजवळ तेवढाच निरोप ठेवून ती बसवेशला न भेटताच स्टेशनवर गेली आणि परभणीच्या गाडीत बसली.

शिट्टी झाली, तोच खिडकीशी तो धापा टाकत आला.

"मॅडम, उतरा! चूक माझी हाय. मी... समद्याच डब्यात जवस भरलं."

"काय?"

"आमच्या गल्लीतल्या भिवराबाईचं नाव शेंगदाण्यात आलतं. माझ्या आईच्या शेजारी बसून जेवती ती. एकीच्या पानात औषध वाढायचं, दुसरीला न्हाई... आमच्या घरात पंगतीत असं कुणी वाढलं न्हाई. हात धजला न्हाई माझा."

"मग आत्ता कशाला सांगितलं?"

"सांगितलं नसतं तर तुमी जवस खोटं ठरवलं असतं. आता मला खोटं ठरवा... चालंल. पण तुमचं सोलापूर मला न्हाई बघवणार. तुमी मला लई आवडता."

गाडी हलली. कावेरी कशीबशी उतरली, आणि फलाटावर उभी राहून त्याला मनसोक्त बोलली. गाढव म्हणाली, आडमुठा म्हणाली. बोलता बोलता रडली, आणि रडता रडता तिच्या ध्यानात आलं, की हा माणूस गप्प राहिला असता तर तिला आयुष्यभर काही कळलं नसतं.

तिने डोळे पुसले, वही उघडली. "पुन्हा पहिल्यापासून करायचं. पुढच्या थंडीत. डबे मी भरणार."

"आन् आप्पांची मुदत?"

"आप्पांना तुम्ही भेटायचं. उद्याच." पेन काढून तिने यादीतलं पहिलंच नाव खोडलं.

"आईचं नाव कावून काढलं?" बसवेश कळवळला. "तिचा काय गुन्हा?"

कावेरीने वही मिटली. मान वर न करता, अगदी हळू म्हणाली,

"घरची माणसं प्रयोगात घेत नसतात."