डमी राऊंड नंबर सात

साहेब, गोळ्या दोन होत्या. तुम्ही पंचनाम्यात एक लिहिली.

दुसरी तुम्ही शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून बटण लावलं. ते बटण लावताना धनीराम तुमच्या बोटांकडे बघत होता. एकतीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस, त्यातली वीस शस्त्रागारात. रायफलींना तेल लावायचं, नळ्या पुसायच्या, काडतुसं मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची. असल्या माणसासमोर गोळी लपवायची म्हणजे सोनारासमोर पितळ विकायला बसायचं. पण तुम्हाला वाटलं, म्हातारा आहे, बायको गेलेली आहे, काय करणार?

तर काय झालं ते ऐका.

लाखांदूरहून निघालेली एसटी जिथं वळून परत जाते, तिथलं हे गाव. पुढं रस्ता नाही, जंगल आहे. धनीराम चार वर्षांपूर्वी रिटायर होऊन इथं आला. त्याआधी त्याची बायको रुखमा या घरात एकटीच राहायची. शेत तिनं केलं, पोरगा मनिष तिनं वाढवला, सासूसासऱ्यांचं तिनं उरकलं. धनीराम दिवाळीला यायचा, पाहुण्यासारखा. नवराबायकोचा खरा संसार काय तो या चार वर्षांचा. मनिष हैदराबादला कामाला लागलेला, म्हणजे घरात दोघंच. ती बोलायची, तो ऐकायचा.

चैत्रात रुखमा पहाटे मोहफुलं वेचायला गेली. आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. कागद नाही, शिक्का नाही, पण ज्याचं झाड त्याचंच. दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेलं फूल कोणी वाकून उचलत नाही, सडलं तरी. रुखमाचा मोह नाल्यापलीकडचा, दोन खोडांचा. त्या झाडाखाली तिची टोपली सापडली. अर्धी भरलेली, सरळ ठेवलेली. रक्त नाही, ओढल्याची खूण नाही, लुगड्याचा धागा नाही.

त्या रानात एक वाघ माणसावर आला होता, हे खरं. आधी दोघांना मारलं होतं, हेही खरं. म्हणून तुम्ही हिशेब जुळवला की तिसरी रुखमा. चार दिवस शोध केला, पाचव्या दिवशी वनखात्याच्या गाड्या परत गेल्या. जंगलात जायला गावाला बंदी घातली आणि बाहेरून नेमबाज बोलावला.

बाराव्या दिवशी वाघ पडला.

धनीरामला हत्यारातलं कळतं म्हणून तुम्हीच त्याला पंच म्हणून बोलावलं. नाल्याकाठी मंडप टाकलेला. जनावरांचे डॉक्टर हातमोजे घालून बसलेले. नेमबाजाचं नाव विक्की. तोंडात मावा, अंगात हिरवा शर्ट. त्यानं पट्ट्यातलं एक काडतूस काढून धनीरामच्या तळहातावर ठेवलं.

"बघा काका. मॅग्नम. तुमच्या पोलिसातल्या थ्री-नॉट-थ्रीचा बाप."

धनीरामनं ते हातात तोललं. बोटभर जाड, बुडाशी पितळेचा पट्टा. सवयीनं त्यानं बूड उलटून छाप वाचला.

"बाप कायचा जी? भाऊ म्हना, मोठा." तो म्हणाला. "वेगात म्हनशान तर थोडासाच फरक. वजनात आहे. तुमची गोळी साडेएकोनीस ग्रॅम, आमची सव्वाअकरा. मार तुमचा दुप्पट, ते कबूल. पन तुमची मऊ तोंडाची, मांसात गेली का छत्रीवानी उघडते. आमच्या जुन्या गोळीले पूर्न कवच. हाड फोडून जाते, पन आपलं तोंड नाही वासत."

"आयला, बुढा तर चालता-फिरता कॅटलॉग आहे!" विक्की हसला. मंडपातले चार-सहा जण हसले. धनीरामही हसला. बारा दिवसांत पहिल्यांदा.

डॉक्टरांनी पहिली गोळी काढून ट्रेमध्ये टाकली. छत्रीसारखी उघडलेली. मॅग्नम.

मग त्यांचा चिमटा पुन्हा आत गेला. ट्रेमध्ये दुसरा आवाज झाला, बारीक.

सडपातळ, टोकदार, जशीच्या तशी गोळी.

विक्कीचं हसू गेलं. "ही माझी नाही."

"मोठ्या गोळीच्या भोकाभोवती रक्त साकळलेलं नाही," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "ती लागली तेव्हा वाघ मेलेलाच होता. या बारक्या गोळीनं मेला."

"तो बसलेला होता," विक्की म्हणाला. "समोर बघत. मी वीस मिनिटं नेम धरून होतो. कान नाही हलला त्याचा. मला वाटलं, नशीब चांगलं आहे आज."

"आन् पोटात?" धनीरामनं विचारलं.

"डुकराचे केस आहेत, खूर आहेत. माणसाचं काही नाही," डॉक्टर म्हणाले.

"मंग माही रुखमा कुठी आहे?"

 साहेब, तुम्ही घड्याळ बघितलं.

धनीराम ट्रेवर वाकला. रायफलीतून सुटलेल्या गोळीवर नळीचे आटे उमटतात, तिरप्या रेघा. या गोळीवर एकही रेघ नव्हती. ती कोणत्याच नळीतून गेलेली नव्हती. आणि तिच्या कडेला कथलाच्या झाळेचा एक ठिपका होता, मसुरीएवढा.

तो ठिपका त्यानं स्वतः दिलेला होता.

नव्या पोरांना रायफल भरायला शिकवतात ती डमी राऊंडवर. दिसायला थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस, पण आत दारू नाही, बुडाला टोपी नाही. अंगावर लांब खाचा पाडून त्यात लाल रंग भरलेला, अंधारातही हाताला कळावं म्हणून. असल्या एका डमीची गोळी सैल झाली होती. धनीरामनं ती झाळ देऊन पक्की केली आणि वर सात नंबर कोरला. पुढं ती बाद झाली. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला घरी येताना त्याच्याकडे बायकोला द्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यानं ती आणली. रुखमा इतकी हसली होती! "लोकं पैंजण आनतेत व बाई, माह्यावाल्यानं काडतूस आनलं!" पण तीस वर्षं ते तिच्या कमरेच्या दोऱ्याला होतं.

"साहेब, हे गोळी मी ओळखतो," धनीराम म्हणाला.

"तुम्ही काही ओळखत नाही. हुकूम एका रायफलीचा आहे, गोळी एकच लिहायची. दुसरी निघाली तर शिकारीची चौकशी लागते, गावातल्या पोरांना उचलावं लागतं. चालेल?" तुम्ही ट्रेमधून ती उचललीत. "वाघ मेला. आता बाईचं दिवसपाणी करा."

"कायचं करू जी? हातात हाड नाही तिचं."

त्यानं सही केली नाही. तुम्ही दुसऱ्याची घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धनीराम बंदी मोडून एकटा रानात गेला. वाघ बसला होता तिथलं गवत अजून दबलेलं होतं. गोळी कोणत्या बाजूनं शिरली ते त्यानं बघितलं होतं. तो तिथं उकिडवा बसला आणि वाघ जिकडे बघत होता तिकडे त्यानं बघितलं.

समोर चाळीस पावलांवर रुखमाचा मोह होता.

बारा-तेरा दिवस रानात कोणी फुलं वेचली नव्हती. प्रत्येक झाडाखाली फुलांचा थर सडला होता, आंबट वासानं डोकं धरत होतं. रुखमाच्या झाडाखाली एक फूल नव्हतं. जमीन झाडून घेतल्यासारखी स्वच्छ होती.

मधोमध उन्हात एक रिकामं काडतूस पडलं होतं.

लाल खाचा. सात नंबर. तोंड आतून काळं झालेलं. त्यानं नाकाशी धरलं. ताज्या जळलेल्या दारूचा वास. बुडाला टोपीच्या जागी भोक होतं, त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. त्या डमीत उडण्यासारखं काही नव्हतंच कधी.

पण हे सगळं त्याला नंतर सुचलं. आधी कळलं ते हाताला. त्रेचाळीस डिग्रीचं ऊन, दगडाला हात लावावा तर चटका बसत होता. उन्हातलं पितळ तर हातात धरवायला नको. ते काडतूस कोमट होतं. नुसतं कोमट.

घरी आणून त्यानं ते माठाच्या पाण्यात टाकलं. तासाभरानं काढलं. तेवढंच कोमट.

सकाळी त्यानं गावातल्या आशा सेविकेला, चंदाला बोलावलं.

"मामाजी, ताप कोनाले आहे?"

"कोनाले नाही. थर्मामीटर याच्या तोंडात घाल."

"काय मामाजी, सकायी-सकायी मजाक!" तिनं हसत पारा झटकला आणि थर्मामीटर काडतुसाच्या तोंडात सरकवला. दोन मिनिटांनी काढून उजेडाकडे धरला. "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. नॉर्मल आहे," ती सवयीनं बोलून गेली.

मग तिनं हात मागं घेतला आणि लुगड्याला पुसला.

पण ती रोज येत राहिली, हे तिचं मोठेपण. सहा दिवस तोच आकडा. पहाटेच्या गारव्यात तोच, दुपारी पत्रे तडतडतात तेव्हा तोच.

मनिषचा फोन आला. "बाबा, इकडं या ना. एकटे काहून राहून राहिले तिथं?"

"एकटा कुठी आहो मी," धनीराम म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या दिवसांत तो बोलायला लागला होता. आयुष्यभर ऐकणारा माणूस. शस्त्रागारातल्या गोष्टी, कोणाला न सांगितलेल्या, तो तळहातावरच्या पितळेला सांगायचा. दुपारी मूठ मिटून आडवा व्हायचा. घरात ऊब देणारं दुसरं काही राहिलं नव्हतं.

आणि रोज सकाळी पहिल्या एसटीनं तो तुमच्या दारात यायचा. एकच मागणं, शोध पुन्हा चालू करा. पहिल्या दिवशी तुम्ही बसायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी काडतूस जमा करायला सांगितलं. पाचव्या दिवशी शिपायाला म्हणालात, याला डोक्याच्या डॉक्टरकडे दाखवा.

"जमा करतो," तो म्हणाला होता. "आधी हातात धरून पाहा जी. येकदा."

तुम्ही हात पुढं केला नाही. का नाही केलात, साहेब?

सातव्या सकाळी सत्त्याण्णव पॉइंट आठ.

आठव्या सकाळी सत्त्याण्णव.

धनीरामनं ते कापसात गुंडाळलं. रुखमाच्या गोधडीत ठेवलं. चुलीजवळ नेलं. नवव्या सकाळी शहाण्णव पॉइंट दोन.

मग तो रानात गेला, टोपलीच्या जागेपासून पुढं, एकटा, हाका मारत. घसा बसला. गावातलं कोणी आलं नाही. तुमची बंदी अजून उठलेली नाही ना.

आज सकाळी चंदानं थर्मामीटर लावला. चौऱ्याण्णव पॉइंट सहा. चौऱ्याण्णवच्या खाली त्या काचेवर रेघच नाही.

तिनं तो बाहेर काढला, पुसायला फडकं घेतलं आणि थांबली. काडतुसाच्या आत गेलेल्या भागावर वाफ धरली होती. बारीक, आरशावर धरते तशी. बघता बघता ती विरली.

धनीराम तुमच्या ऑफिसच्या पायरीवर बसलाय. मूठ मिटलेली आहे. आत यायला त्याला मनाई आहे, म्हणून त्याच्याऐवजी मी विचारतो.

चौथ्या दिवशी शोध कोणी थांबवला? वाघाच्या पोटात बाई नाही, हे कळल्यावरही कोणी चालू केला नाही? कागद नको, चौकशी समिती नको. तोंडानं सांगा, आणि आत्ता सांगा.

ती कुठं आहे?