मौनाची सातवी रात्र

आयुष, तो टीव्ही बंद कर आणि दार नुसतं लोटून घे. कडी नको. आता मधे कुणी बोलायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नाही, पोरांनो. खुटबावचा मच्छिंद्र कुरकुंभच्या कंपनीत आमच्याच शिफ्टला होता. हे त्याच्यावर गुदरलेलं आहे.

साल नव्याण्णव. बावीस डिसेंबर, बुधवार, मार्गशीर्षातली पौर्णिमा. मच्छिंद्र पहिली पाळी करून घरी आला आणि जरा आडवा झाला. सातच्या सुमाराला मीरासाहेब स्वतः चालत निरोप घेऊन आले. त्यांच्या दुकानात फोन होता.

"मच्छिंद्र, विहारावरनं सोपानरावांचा फोन आलता. तुझ्या आईचा दम्याचा पंप संपत आलाय. दुसरा घरात हाय म्हनं. आजच्या आज पोचव."

मच्छिंद्रची आई भागुबाई. कासुर्डीच्या मागच्या डोंगरात तेव्हा एक बुद्धविहार नवा उभा राहिला होता. वर कपारीला टेकून ध्यानाचा लांब हॉल, पत्र्याचा. जमीन अजून मातीचीच. त्याच्या खाली एका टप्प्यावर राहायची शेड. तिथं दहा दिवसांचं मौन शिबिर होतं आणि भागुबाई हट्टानं गेली होती. मच्छिंद्र जाताना भांडला होता.

"दम्याची बाई तू. थंडीची डोंगरावर काय करनार? आन् धा दिवस न बोलता ऱ्हाशील का?"

"घरात तरी माझं कोन ऐकतंय?" एवढं बोलून म्हातारी पिशवी घेऊन निघाली होती. त्याला आज सातवा दिवस. ते बोलणं मच्छिंद्रच्या मनाला लागून राहिलं होतं.

बायकोनं, सीमानं, फडताळातून नवा पंप काढून दिला. मच्छिंद्रनं कानाला मफलर गुंडाळला, एम-एटी काढली आणि यवतवरून कासुर्डी गाठली. गाडी पायथ्याला लावली तेव्हा सव्वानऊ झाले होते. लाईट गेलेली. पण चांदणं असं, की बाभळीच्या काट्याची सावली दिसावी. दोनशेच्या वर पायऱ्या. वाटेत शेडही अंधारात, गपगार. त्याला वाटलं, मंडळी अजून वर ध्यानाला असतील.

हॉलची दारं सताड उघडी होती. त्यानं चपला बाहेर काढल्या आणि आत डोकावला.

ओळी लागल्या होत्या. पांढरे कपडे. सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे. तीस असतील, चाळीस असतील... कुणी हलत नव्हतं. बुद्धमूर्तीपुढं दिवा नव्हता, याचं त्याला तेव्हा नवल वाटलं नाही. लाईट गेलीय, तेल संपलं असेल.

शेवटच्या ओळीत आई दिसली. तेच वाकलेले खांदे, डोक्यावरून घेतलेला पदर. ध्यान मोडायचं नसतं, एवढं त्याला ठाऊक होतं. घंटा होईपर्यंत थांबू म्हणून तो आईच्या मागं मांडी घालून बसला.

हॉलमध्ये श्वास ऐकू येत होते. आईच्या छातीतली ती शिट्टी त्याच्या ओळखीची. तो कान देऊन ऐकायला लागला. शिट्टी काही ऐकू येईना. जरा वेळानं त्याच्या ध्यानात आलं... एवढी माणसं, पण श्वास एकच. सगळे एकदम आत घेत होते. सगळे एकदम सोडत होते.

तो पुढं झुकला. अगदी हळू म्हणाला, "आई... पंप आनलाय."

हात मागं आला.

खांदा हलला नाही. मान वळली नाही. नुसता हात मागं आला. तळवा वर.

मच्छिंद्रनं पंप त्यावर ठेवला. बोटं मिटली. त्याच्या बोटांना लागली. गार... गुहेतल्या दगडासारखी गार.

आणि श्वास थांबला.

सगळ्यांचा.

मच्छिंद्रनं डोळे मिटून घेतले. कपाळावर गारवा आला. जवळून. अगदी जवळून...

"कोन हाय रं तिथं?"

बॅटरीचा झोत आत आला. दारात सोपानराव उभे. विहाराची देखरेख आणि स्वयंपाक त्यांच्याकडं. मच्छिंद्रनं डोळे उघडले.

हॉल रिकामा होता.

"मच्छिंद्र? आरं, हितं काय करतूस? समदी खाली शेडमधी निजल्यात. हॉल आज बंद हाय. सांजच्याला सारवलाय, वाळाया दारं उघडी ठिवल्यात."

मच्छिंद्रनं खाली हात लावला. शेण ओलं होतं. पँट भिजली होती.

"सोपानराव... पंप... आईला दिला..."

"कुठं हाय तुझी आई हितं?"

दोघांनी उभ्या जागेवरूनच बॅटरी फिरवून कोपरा न् कोपरा पाहिला. पंप नव्हता. तेवढ्यात खालून ताट बडवल्याचा आवाज आला. मौनात हाक मारायची नाही, म्हणून अडचण आली की ताट वाजवायचं ठरलं होतं. दोघं धावत सुटले. मच्छिंद्र अनवाणीच.

शेडमध्ये मेणबत्ती लावलेली. भागुबाई भिंतीला टेकून बसली होती आणि रश्मी नावाची एक मुलगी तिची पाठ चोळत होती. ताट तिनंच वाजवलं होतं. म्हातारीचे ओठ निळे पडले होते, पण श्वास ताळ्यावर येत होता.

हातात पंप. नवा.

"आई, ह्यो कुनी दिला?"

भागुबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. तिनं मौन मोडलं नाही. दहाव्या दिवशी घरी येताना सांगितलं, "झोपंतच जीव कोंडला रं. तवा कुनीतरी हातात दिला. मला वाटलं तूच. हात लई गार लागला. म्हटलं, पोरगं थंडीचं गाडीवर आलंय." मच्छिंद्र तिचं सगळं ऐकत राहिला, घर येईपर्यंत.

पण त्या रात्रीचं अजून एक राहिलंय.

पहाटे उजाडता उजाडता सोपानराव त्याला वर घेऊन गेले. शिबिर घेणारे भन्ते आधीच दारात उभे होते. आत जात नव्हते. सारवण वाळत आलं होतं आणि रात्री बॅटरीत न दिसलेलं आता उजेडात दिसत होतं. त्यावर दारापासून मच्छिंद्रची पावलं, सोपानरावांची पावलं. आणखी कुणाची नाहीत. मच्छिंद्र बसला होता तिथं त्याच्या मांडीचा ठसा.

आणि त्याच्यापुढं... ओळीच्या ओळी. बसलेल्या माणसांचे ठसे. यायचं पाऊल नाही, जायचं पाऊल नाही. सगळ्यांचे गुडघे मूर्तीकडं.

एकाचे सोडून. ते मच्छिंद्रच्या ठशाकडं वळलेले होते. मधे चार बोटांचं अंतर होतं.