घंटीवरचं फडकं

"गाढव! निव्वळ गाढव!" हातातले कागद टेबलावर आपटत अलॉइस ओरडला, आणि भाजलेल्या मनगटाला मलम लावत बसलेल्या वाल्बुर्गाने मान वर केली... चार वर्षं जे टाळलं, ते आज घडलं होतं!

"तुझा हात भाजला म्हणून बाहेरच्या नकलनविसाला दिलं, तर त्याने माझ्या प्रार्थनासंगीताची पार वाट लावली! तालमीत सगळे वादक हसत होते, बुर्गी! माझी मूळ प्रत काढ."

"दादा, आधी कॉफी घे ना..."

"प्रत काढ म्हणतो ना!"

ती जागची हलली नाही. व्हिएन्नातल्या या घरात एकोणीस वर्षं ती अशीच श्वास रोखून जगली होती. पहाटे पाचला त्याची कॉफी, सहा ते बारा तो पियानोपाशी, आणि तेवढा वेळ भांड्याला भांडं लागता कामा नये. दारावरच्या घंटीच्या लोलकालासुद्धा तिने फडकं गुंडाळलेलं! दुपारी तो फिरायला गेला की त्याचं कच्चं लिखाण ती पक्कं उतरवून काढी. "ग्रात्सचा तो ऑर्गनवाला आला होता, त्याला नाही म्हणालीस. आता तुला कोण नेणार?" असं तो जेवताना हसून म्हणे, आणि त्याच फ्लोरिआनचं शेवटचं पत्र तिच्या शिवणाच्या पेटीत पडून होतं... सेंट मायकेलच्या सणापर्यंत वाट पाहीन, मग नाही. आणि तो सण आता आठवड्यावर आला होता. होकार तिने तीनदा लिहिला, तीनदा चुलीत घातला!

अलॉइसने स्वतःच कपाट उघडलं. मूळ प्रत आणि नक्कल शेजारी ठेवून तो सूर न सूर ताडून पाहत गेला... आणि त्याचं बोट थांबलं. नकलनविसाने काहीच चुकवलं नव्हतं; चुका मूळ प्रतीतच होत्या. मग त्याने गेल्या वर्षीचं काढलं, त्याआधीचंही. तिथे मात्र त्याने चुकीचा सूर लिहिला असेल तिथे नकलेत बुर्गीच्या सुबक हाताने तो गुपचूप सुधारलेला होता!

"किती वर्षं?" तिच्या ओठांवर नजर रोखत त्याने विचारलं.

"चार. तुझे कान गेले तेव्हापासून."

"तुला माहीत होतं?"

"मागून हाक मारली की तू वळत नाहीस रे!" तिला हुंदका फुटला. "सांगितलं असतं तर तू लेखणी टाकली असतीस. आणि मी निघून गेले असते तर लोक आज हसले, ते तेव्हाच हसले असते..."

"म्हणून नाही म्हणालीस त्याला? आणि मी करंटा तुलाच टोचत राहिलो!" त्याने तोंड फिरवलं. मग पुन्हा तिच्याकडे वळून म्हणाला, "आजच लिही त्याला. येते म्हणून."

"आणि तुझं काय, दादा?"

"माझं पुष्कळ लिहून झालं, बुर्गी."

तो दाराशी गेला. त्याने लोलकावरचं मळकं फडकं सोडलं, दोरी जोरात ओढली, आणि वळून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"वाजली?"

तिने मान डोलावली.