चांदी भरलेली दाढ

दुसऱ्यांच्या तोंडात हात घालून पोट भरणाऱ्या बाईला किळस परवडत नाही, असं दातांच्या डॉक्टरीणबाई नेहमी म्हणत. पू, सडक्या दाढा, कुजका वास, यांतून उठून त्या सरळ जेवायला बसत. त्यामुळे खिंडीतल्या फाटकवाल्याच्या खोलीत आपल्याला ओकारी येईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दरड कोसळायची चिन्हं दिसली की रस्त्यावरचं फाटक बंद करायचं, हे त्या म्हाताऱ्याचं काम. दोन वर्षांपूर्वी एक मोटार दरडीखाली सापडली. आईबाप जागच्या जागी गेले. पोरीला मात्र त्याने नखं फुटेस्तोवर माती उकरून बाहेर काढलं. तिला न्यायला कुणी फिरकलं नाही. मग ती त्याच्याकडेच राहिली आणि त्याला आजोबा म्हणू लागली.

गेल्या वर्षी तो दाढ भरायला आला, तेव्हा तिचंच कौतुक चाललं होतं. सांगता सांगता तो मधेच हसला, हत्यार निसटलं आणि चांदीच्या कडेला एक वाकडी खाच राहून गेली. पुन्हा दाखवायला या, असं बाईंनी बजावलं होतं. तो आला नाही. आज त्या स्वतःच गाडी घेऊन वर आल्या, पण निमित्त नुसतं दाढेचं नव्हतं. घरी मूलबाळ नव्हतं आणि ती पोर आपल्याला मिळाली तर, हा विचार वर्षभर त्यांच्या मनात घोळत होता.

दार लोटताच आंबट वास आला, तान्ह्या मुलाने ओकलेल्या दुधासारखा. चुलीजवळ म्हातारा पाव चघळत बसला होता. सात वर्षांची पोर त्याच्या मांडीवर आ करून वाट पाहत होती. मग तो वाकला आणि त्याने तोंडातला लगदा तिच्या तोंडात सोडला. दोघांच्या ओठांमध्ये लाळेची तार लोंबत राहिली.

बाईंना शिसारी आली. "आजोबा, अहो, हे काय चालवलंय?"

म्हाताऱ्याने ओशाळून तोंड पुसलं. "तिला असंच लागतं बाई. आल्यापासून. दुसरं काही पोटात ठरतच नाही."

"का? दात नाहीत का तिला?"

"आहेत की," पोर म्हणाली. "आता सगळे आले."

बाईंनी बॅटरी काढली. "बघू. आ कर."

त्या इवल्याशा जबड्यात लांब, पिवळे, तंबाखूने काळवंडलेले दात दाटीवाटीने उभे होते. कडा झिजलेल्या. खाली डावीकडे एक दाढ चकाकली. चांदी होती आणि तिच्या कडेला वाकडी खाच.

आपल्या हातची चूक बाईंनी ओळखली. त्यांनी बॅटरी म्हाताऱ्याकडे वळवली. त्याच्या हिरड्या गुळगुळीत, गुलाबी होत्या. जखम नाही, खड्डा नाही.

"दुखलं नाही हो," तो म्हणाला. "एकेक करत गेले. म्हटलं, वय झालं." मग त्याने हात जोडले. "हिला घेऊन जा, बाई. मला आता चावत नाही. पोर उपाशी मरेल माझी." तो रडत होता. पोरीचं बोचकं दाराशी बांधून ठेवलेलं होतं.

पळून जावं असं बाईंना वाटत होतं. पण पोरीची मनगटं काडीसारखी झाली होती. दातांचं काय ते शहरात बघू, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी तिला गाडीत बसवलं.

पहिल्याच वळणावर पोर म्हणाली, "भूक लागली."

बाईंनी पाव पुढे केला. तिने तो घेतला नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग रडू लागली. उतार संपत आला तेव्हा रडणंही थांबलं. ओठ निळे पडले, हात गार.

हातात आलेली पोर जाते की काय!

बाईंनी गाडी कडेला घेतली. पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि चावला. डोळे गच्च मिटून त्या वाकल्या.

जिभेच्या टोकासारखं काहीतरी कोमट त्यांच्या दातांवरून सावकाश फिरलं.

पोरीने घास गिळला. गालांवर रंग आला. तिने बाहीने तोंड पुसलं.

"तुमचे किती छान आहेत," ती म्हणाली.

मग तिने बाईंच्या तळहातावर काहीतरी थुंकलं. खाच पडलेली, चांदी भरलेली दाढ होती ती.

"ही आता नको."