चौघांच्या कोडमधला पाचवा

बाईंचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. पोरं थापा मारतात यावर मात्र गाढ होता. म्हणून तर त्यांनी प्रोजेक्टच्या प्रत्येक गटाला खाजगी रिपॉझिटरी करून दिली होती. कोड दूरच्या सर्व्हरवर, कुलूपबंद. गटातली मुलं आणि बाई सोडून कोणाला तो दिसायचा नाही, आणि कोणी कुठली ओळ बदलली ते नावानिशी कळायचं.

त्या दुपारी शेवटच्या गटाची तोंडी परीक्षा होती. चौघांनी अंध माणसाला इमारतीत बोलून वाट दाखवणारं अ‍ॅप केलं होतं. रिपॉझिटरीत लिहिलेल्या सूचना ते जशाच्या तशा वाचून दाखवायचं. कॉलेजचे टेलिफोन ऑपरेटर काका जन्मांध. अ‍ॅप चालवून बघायला तेच आले होते. फोन हातात देऊन मुलांनी त्यांना काचेच्या बंद दाराबाहेर खुर्चीवर बसवलं होतं. लॅबमध्ये एसीची घरघर, तापलेल्या वायरींचा वास.

“जिन्यापाशी डावीकडे वळा?” बाईंनी वाचलं. “अरे, तिकडचा कठडा दुरुस्तीला काढलाय. काका थेट खाली जातील!”

चौघांचे चेहरे उतरले. तेवढ्यात बाईंच्या स्क्रीनवर ती ओळ आपोआप बदलली. ‘उजवीकडे वळा.’ बदलणाऱ्याच्या नावाची जागा कोरी.

मुलांचे लॅपटॉप बंद होते. हात टेबलावर.

“बाहेरच्या कोणाला पासवर्ड दिलात? खरं सांगा, नाहीतर चौघंही नापास.”

“नाही हो मॅडम, शप्पथ!” गटाची म्होरकी कळवळली. “पण आमच्या चुका अशाच दुरुस्त व्हायच्या... मला वाटायचं, लंबू करतो.”

“मी?” लंबू तिच्याकडे वळला. “मला वाटलं, तू...”

बाई हसल्या. असले नमुने त्यांनी ढिगाने पाहिले होते. “आत्ता सोक्षमोक्ष लावते.”

त्यांनी चौघांनाही रिपॉझिटरीतून काढून टाकलं. आत उरल्या त्या एकट्या. मग मुद्दाम पुन्हा ‘डावीकडे’ लिहिलं आणि हाताची घडी घालून बसल्या.

ओळ हलली नाही. बराच वेळ.

“बघितलंत?” बाई म्हणाल्या. “तुम्ही बाहेर, की भूतही बाहेर.”

म्होरकी मात्र दाराकडे बघत होती. “मॅडम... काका?”

खुर्ची रिकामी होती.

सगळे जिन्याकडे धावले. काका उजव्या भिंतीला टेकून उभे होते, धापा टाकत. कठडा नसलेल्या कडेला त्यांची एक चप्पल पडली होती.

“म्हटलं, तोवर चालवून बघावं. फोन म्हणाला डावीकडे,” ते म्हणाले. “पाऊल टाकलंच होतं मी. तुमच्या मुलाने मनगट धरून खेचलं म्हणून वाचलो. हात केवढा गार हो त्याचा...”

बाईंनी मुलांकडे पाहिलं. चौघंही त्यांच्या मागेच होती.

“तुम्ही पास,” त्या कशाबशा म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. “कोण होता तो?”

“नाव नाही सांगितलं.” काका मनगट चोळत राहिले. “म्हणाला, मॅडमना सांगा... त्यांना काढलंत, पण मी अजून आतच आहे.”